वावर ४६ अंशांत तापलं, तरी हरभऱ्याला मर का लागली?

वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "सोयाबीनवर हरभरा घेतो. तीन एकरांत दोन वर्षं मर लागतेय. म्हणून यंदा मार्चमध्ये ट्रॅक्टरने खोल नांगरट केली आणि पुरा मे महिना वावर उघडं तापू दिलं. पारा ४६ वर गेला होता. तरी नोव्हेंबरात त्याच जागी झाडं वाळली. ज्या उन्हात माणूस उभा राहू शकत नाही त्यात बुरशी टिकते कशी? आणि टिकतच असेल, तर उन्हाळी नांगरटीचा सल्ला तुम्ही लोक देता कशाला?"

भाऊ, शेवटचा प्रश्न रागातून आला आहे आणि तो राग रास्त आहे. "खोल नांगरा, जमिनीला ऊन खाऊ द्या, बुरशी मरते" हे मी स्वतः पंचवीस-सव्वीस वर्षांत शेकडो बैठकांतून सांगितलं आहे. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सांगायला बैठकीत वेळ नसतो, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी एक समजून घ्या. मर हा जमिनीतल्या बुरशीचा रोग: ती मुळातून शिरते आणि झाड वाळतं. हरभरा हिरवा असताना मुळात जी बुरशी वाढत असते, ती मे महिन्यात त्या रूपात वावरात नसतेच. वाढणारी बुरशी म्हणजे केसाहून बारीक तंतू. ते तंतू नाजूक असतात, उघड्यावर आले तर चार दिवसांच्या उन्हात संपतात. पण फेब्रुवारीत पीक पक्व होऊन मुळं वाळायला लागली की तंतूंना उपासमारीची चाहूल लागते. मग तंतूमधल्या मोजक्या पेशी आजूबाजूचं सारं सत्त्व स्वतःकडे ओढून घेतात, भोवती जाड दुहेरी भिंत चढवतात आणि गप्प बसतात. हेच तिचे बीजाणू. बाकीचा तंतू रिकामा होऊन मरतो. आपण उन्हाळ्यात पावसाळ्याची बेगमी करतो, ती हिवाळा सरताना उन्हाळ्याची करते. तुम्ही मार्चमध्ये नांगर घातला तेव्हा तिची तयारी पूर्ण झालेली होती.

संत्र्याच्या बागायतदारांना हे चटकन पटतं. बहार घ्यायचा तर आपण झाडाला ताण देतो, पाणी तोडतो. ताण बसला की झाड पान वाढवणं थांबवतं आणि फुलाची तयारी करतं. बुरशीचंही तेच आहे. सुखात ती पसरते, ताणात बीजाणू करते. तिच्या दृष्टीने वैशाखातलं ऊन हे संकट नाही, ठरलेला हंगाम आहे.

आता त्या जाड भिंतीच्या बीजाणूत काय असतं ते पाहू. त्यात पाणी फार कमी असतं, चरबीचा साठा असतो आणि बहुतेक बुरशींत ट्रेहॅलोज नावाची एक साखर असते. पेशीचं नाजूक पातळ आवरण आणि आतली प्रथिनं एरवी पाण्याच्या आधाराने आपला आकार धरून असतात. पाणी गेलं की ती कोसळतात, एकमेकांना चिकटतात. ट्रेहॅलोज पाण्याची जागा घेते आणि पेशीतला रस काचेसारखा थिजवून ठेवते. होळीच्या गाठ्या करताना पाक साच्यात कसा घट्ट होतो आणि त्यात ओवलेला दोरा जागचा हलत नाही, तसंच. बेकरीतलं कोरडं यीस्ट हीसुद्धा बुरशीच आहे. महिनोन्‌महिने पुडीत वाळून पडलेली असते आणि कोमट पाण्यात टाकली की दहा-पंधरा मिनिटांत फेसाळते. तिला जिवंत ठेवणाऱ्या गोष्टींत हीच साखर मोठी आहे.

दुसरी सोय प्रथिनांची. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं आणि पुन्हा पातळ होत नाही. उष्णतेने पेशीतल्या प्रथिनांचं असंच होतं. त्यावर उपाय म्हणून बुरशी काही राखणदार प्रथिनं तयार करते. ती बिघडू लागलेल्या प्रथिनांना धरून ठेवतात, घडी मोडलेल्यांची घडी पुन्हा घालतात. महत्त्वाचं हे की ऊन हळूहळू वाढलं तर ही तयारी होते. यीस्टवर हा प्रयोग पुष्कळ झाला आहे: २५ अंशांतून थेट ५० अंशांत टाकलं तर बहुतेक पेशी मरतात, पण आधी अर्धा-एक तास ३७ अंशांत ठेवून मग ५० अंशांत नेलं तर कितीतरी जास्त जगतात. आपल्याकडे पारा एका दिवसात ४६ वर जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीत थोडी ओल असतानाच ऊन चढू लागतं, म्हणजे तयारीला वेळ मिळतोच.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. प्रयोगशाळेत भांडी निर्जंतुक करायच्या दोन पद्धती आहेत. वाफेच्या कुकरमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटं पुरतात. तेच काम कोरड्या भट्टीत करायचं तर १६० अंश आणि दोन तास लागतात. ओलं असलेलं प्रथिन कमी उष्णतेत गोठतं, कोरडं प्रथिन फार जास्त सहन करतं. कोरड्या बीजाणूला कोरडं ऊन देणं म्हणजे त्याच्या बळकट बाजूवरच घाव घालणं. आपल्या काळ्या जमिनीचा वरचा बोटभर थर मे महिन्यात ५५-६० अंशांपर्यंत तापतो, हे खरं आहे. पण तो कोरडा असतो. वीतभर खाली तर ३५-४० च्या पुढे क्वचितच जातं. मर रोगाची बुरशी, म्हणजे फ्युजॅरियम, नांगराच्या तासाइतकी खोल असते. ती हरभरा नसतानाही सहा-सहा वर्षं जमिनीत टिकते, हे अनेक ठिकाणी तपासलेलं आहे.

घरात बाया डाळीला ऊन दाखवतात, त्यातही हेच आहे. त्याने बुरशी मरत नाही. दाणा इतका कोरडा होतो की तिला उगवता येत नाही. श्रावणात तीच डाळ ओलसर झाली की बुरा चढतोच.

तुमच्या वावरात बहुधा फ्युजॅरियम एकटी नाही. सोयाबीन-हरभरा-सोयाबीन असं चक्र चालतं तिथे आणखी दोघी भेटतात, आणि टिकून राहण्यात त्या फ्युजॅरियमच्याही पुढे आहेत. एक मॅक्रोफोमिना. ज्वारीचा खडखड्या रोग हिचाच. सोयाबीनचं खोड आणि मूळ कोळशागत काळं करणारी हीच, आणि हरभऱ्याची कोरडी मूळकूजही हिचीच. हिच्या गाठी, म्हणजे तग धरण्यासाठी घट्ट जमलेले तंतूंचे गोळे, इतक्या बारीक असतात की वाळलेलं खोड चिरलं तर आत मिरपूड भुरभुरल्यासारखी दिसते. त्या गाठी काळ्या असतात मेलॅनिनमुळे. आपल्या केसांचा रंग ज्याने येतो त्याच कुळातलं हे द्रव्य. ते ऊन अडवतं, भिंत घट्ट करतं आणि जमिनीतल्या जिवाणूंच्या पाचक रसांना आत शिरू देत नाही. मेलॅनिनची ताकद किती, तर अंटार्क्टिकातल्या खडकावरची एक काळी बुरशी अंतराळ स्थानकाच्या बाहेरच्या बाजूला दीड वर्ष ठेवली होती. परत आणल्यावर तिच्या काही पेशी जिवंत निघाल्या. मॅक्रोफोमिनाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पीक ताणात असतं तेव्हा हिचं फावतं. पाऊस उघडला, ऊन ३० च्या वर गेलं, शेंगा भरताना पाणी कमी पडलं की ती चढते. उलट, सतत ओल्या जमिनीत तिच्या गाठी काही आठवड्यांतच कमी होत जातात. कोरड्या वावरात त्याच वर्षानुवर्षं टिकतात.

दुसरी स्क्लेरोशियम, मानकुजीची, म्हणजे जमिनीलगत रोपाची मान कुजवणारी. हिच्या गाठी मोहरीच्या दाण्यासारख्या, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ही मला सगळ्यात शिकवणारी बुरशी वाटते, कारण तिच्यात ताणाची कमजोर बाजू उघड दिसते. तिची गाठ कडक वाळली आणि मग एकदम ओली झाली की तिच्या सालीतून साखर आणि नत्रयुक्त द्रव्यं बाहेर पाझरतात. त्या वासावर जमिनीतले जिवाणू आणि ट्रायकोडर्मा, म्हणजे दुसऱ्या बुरशींवर जगणारी आपल्या कामाची बुरशी, तिच्यावर तुटून पडतात. नुसत्या वाळवण्याने ती मरत नाही. वाळल्यावर भिजली की ती उघडी पडते. म्हणून उन्हाळ्यात एकदा हलकं पाणी देऊन पुन्हा वाळू देणं, पुन्हा भिजवणं, हे पुऱ्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हापेक्षा जास्त काम करतं.

ऊन काहीच मारत नाही, असंही समजू नका. गव्हाचा तांबेरा आपल्या उन्हाळ्यात खरोखर संपतो. त्याचे नारिंगी बीजाणू मैदानी भागातल्या एप्रिल-मे मध्ये तग धरत नाहीत. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं काम करून हे दाखवून दिलं: तांबेरा उन्हाळा काढतो तो निलगिरी, पळणी आणि हिमालयाच्या थंड डोंगरांत, आणि दर हंगामात वाऱ्यावर बसून मैदानात परत येतो. मध्य भारतात येणारा खोडाचा तांबेरा मुख्यतः दक्षिणेच्या डोंगरांतून, बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या वाऱ्यापावसासोबत येतो. म्हणजे एका बुरशीने ऊन सोसायची तयारी केली, दुसरीने गाव सोडायची. ज्या बुरशीने गाव सोडलं तिच्यासाठी वावर तापवून उपयोग नाही, आणि जी तयारीने बसली आहे तिच्यासाठी नुसतं तापवून पुरत नाही.

तिसरा मार्ग सोबतीचा. तुम्ही पूर्व विदर्भात राहिला असाल तर पहिल्या जोराच्या पावसानंतर वारुळाजवळ निघणाऱ्या सात्या खाल्ल्या असतील. ती बुरशी वाळवीने वारुळात पाळलेली असते. बाहेर ४५ अंश असले तरी वारुळाच्या पोटात ३० च्या आसपास आणि दमट हवा वाळवी राखते. ती बुरशी वारुळाबाहेर स्वतःच्या जिवावर उन्हाळा काढू शकत नाही, आणि वाळवीला लाकूड पचवायला तिची गरज असते. सावजी मसाल्यात जे दगडफूल घालतो तेही असंच: बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. उन्हात ते कुरकुरीत वाळतं, त्याचा सगळा कारभार बंद होतो आणि पावसाचे चार थेंब पडले की काही मिनिटांत पुन्हा सुरू होतो. माझ्या आईच्या मसाल्याच्या डब्यात हे बघत मी मोठा झालो, पण ते बुरशीचं जगणं आहे हे कळायला मला शिकून नोकरीला लागावं लागलं.

एक धोक्याची गोष्ट मध्येच सांगून ठेवतो, कारण तुमच्याकडे भुईमूगही असेल. काही बुरशी ताणात विष जास्त करतात. शेंगा भरताना पावसाने दडी मारली आणि जमीन तापली की ॲस्परजिलस फ्लेव्हस शेंगेत शिरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार करते. मका आणि सरकीतही ते होतं. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. भाजून किंवा तळून हे विष पुरतं जात नाही. हिरवट पिवळा बुरा आलेले, सुरकुतलेले शेंगदाणे घरात खायला ठेवू नका आणि गाईम्हशीलाही घालू नका, दुधात उतरतं.

आता काय करायचं. ओलं ऊन वापरायचं. इस्राएलमध्ये १९७६ साली शास्त्रज्ञ काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची रीतसर पद्धत मांडली आणि आपल्याइतकं ऊन फार थोड्या देशांना मिळतं. पण ती पुऱ्या तीन एकरांत करायला सांगणार नाही, प्लास्टिकचा खर्च परवडत नाही. मर बहुतेक वेळा आधी ठिकठिकाणी, गोल चकत्यांत दिसते. यंदा ज्या जागी झाडं गेली तिथे चार खुंट्या ठोकून ठेवा. एप्रिलच्या अखेरीस तेवढ्याच जागेची ढेकळं फोडून सपाट करा, भरपूर पाणी द्या आणि वाफसा येताच २५ ते ५० मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक अंथरून चारही कडा मातीत दाबा. काळं प्लास्टिक नको, ते स्वतःच तापतं, जमीन कमी तापवतं. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. आत ओल असल्यामुळे बीजाणू फुगतो, त्याची साखरेची काच विरघळते, आणि नेमक्या त्या वेळी दिवसामागून दिवस उष्णता बसते. जे त्यातून वाचतात तेही इतके दुबळे होतात की जमिनीतले बाकीचे जीव त्यांना संपवतात. विहिरीला तेवढं पाणी नसेल तर हा खटाटोप कोरड्यात करू नका, पैसे वाया जातील.

नांगरटीचा सल्ला मी मागे घेत नाही, त्याचं कारण बदलतो. नांगरटीने किडींचे कोष वर येतात, हराळी मरते आणि रोगट मुळं हाताला लागतात. ती वेचून बाहेर काढणं हाच मर रोगासाठी खरा फायदा आहे. पण रोगाच्या चकतीतून नांगर तसाच पुढे नेला तर फाळासोबत बुरशीही पुढे जाते. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका शेतकऱ्याला मी उभी-आडवी खोल नांगरट करायला लावली होती. आधीच्या वर्षी कोपऱ्यात असलेली मर पुढच्या वर्षी वावरभर निघाली. त्यांनी मला एक शब्द उणा बोलला नाही, ते मला अजून बोचतं. म्हणून: रोगट चकती सगळ्यात शेवटी नांगरा आणि तिथून निघाल्यावर फाळ धुवा. वेचलेली मुळं, तुराट्या धुऱ्यावर टाकू नका. ताज्या शेणाच्या ढिगात मधोमध घाला आणि ढीग ओला ठेवा. ढीग नीट तापला की आत ५५-६० अंश ओली उष्णता तयार होते आणि त्यात मर रोगाची बुरशी टिकत नाही. थंड, कोरड्या उकिरड्यात ती आरामात राहते आणि खतासोबत वावरात परत येते.

ट्रायकोडर्माबद्दल. तीही बुरशी आहे आणि तिलाही ताण बसतो, हे आपण विसरतो. तिचे हिरवे बीजाणू फ्युजॅरियमच्या जाड भिंतीच्या बीजाणूंइतके कणखर नाहीत. एकदा टिनाच्या शेडमध्ये पुरा मे महिना ठेवलेल्या पुड्या मी तपासल्या होत्या. पुडीवरची मुदत शिल्लक होती, पण काचेच्या बशीत जवळपास काहीच उगवलं नाही. तेव्हा उन्हाळ्याआधी घेऊन ठेवू नका, ताजी घ्या, माठाजवळच्या थंड जागेत ठेवा. कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत दहा-पंधरा दिवस गोणपाटाखाली वाढू द्या आणि मगच वाफशावर टाका. कोरड्या तापल्या मातीत फेकलेली पुडी म्हणजे फेकलेले पैसे. बियाण्याला लावताना ती आणि रासायनिक बुरशीनाशक एकाच वेळी कालवू नका.

बुरशीनाशकाचं एकच सांगतो. दरवर्षी कार्बेन्डाझिम आणि फक्त कार्बेन्डाझिम वापरलं तर त्याचाही बुरशीला ताण बसतो आणि त्यातूनही ती वाट काढते. ज्या प्रथिनाला औषध चिकटतं त्यातला एक मणी बदलला तरी औषध निकामी होतं. लाखोंतून अशी एखादी वाचते आणि पुढच्या वर्षी वावर तिचं असतं.

सहा वर्षं हरभरा बंद ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण एका हंगामाने फेरपालट झाली, असंही समजू नका. तूर, मसूर, वाटाणा हे हरभऱ्याच्या फ्युजॅरियमला स्वतः आजारी न पडता मुळांत आसरा देतात, म्हणून त्या जागी गहू किंवा जवस बरं. तुरीची मर वेगळ्या फ्युजॅरियमची असते. आपले वडील-आजोबा तूर ज्वारीत घेत, त्या जोडीत तुरीची मर कमी राहते हे प्रयोगांतही दिसलं आहे. वाण मर सहन करणारा घ्या, जाकी ९२१८ सारखा, पण एकच वाण कायमचा पुरेल असं नाही, कारण या बुरशीचे आठ वंश माहीत आहेत आणि सगळ्यांना एकच वाण पुरा पडत नाही. ओलिताची सोय असेल तर जमीन तापलेली असताना ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरू नका. रोपाच्या मुळातून झिरपणारी साखर हीच बीजाणूला उठवणारी हाक असते, आणि २५-३० अंशांत तो लगेच उठतो.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम. तुमची झाडं नोव्हेंबरातच गेली, म्हणजे रोपावस्थेत. मला शंका आहे की त्यातली काही मर रोगाने नाही, मानकुजीने गेली असावीत. सोयाबीनचं कुटार आणि मुळं न कुजता ओलीत राहिली की हे हमखास होतं. आता पुढचं रोप मान टाकेल तेव्हा ते खुरपीने मुळासकट काढा आणि मूळ उभं चिरा. आत मधोमध काळपट तपकिरी रेघ असेल तर मर. जमिनीलगत मान कुजलेली, पांढरा कापसासारखा तंतू आणि मोहरीएवढे दाणे दिसले तर मानकूज, मग वाण बदलून उपयोग नाही, कुटार वेचा आणि जमिनीची ओल सांभाळा. जानेवारी-फेब्रुवारीत फुलाघाट्यात झाड वाळलं, सोटमूळ कटकन मोडलं आणि आत काळी भुकटी दिसली तर कोरडी मूळकूज, तिथे घाटे भरताना दिलेलं एक पाणी कुठल्याही औषधापेक्षा जास्त काम करतं. ओळख पटली नाही तर चार-पाच रोपं मातीच्या गोळ्यासकट कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात न्या. प्लास्टिकच्या पिशवीत नको, पिशवीला घाम येतो, वरून दुसरीच बुरशी चढते आणि तपासणाऱ्याला खरी सापडत नाही.